चेंडूकडे न पाहणारी

“चेंडू आपटत जाय, दिव्या. आवाज तुटू देऊ नोको. आन् पाहाचं झाडीकडे, चेंडूकडे नाई.”

शाळेच्या स्टेजवर, लाल खुर्चीत बसलेल्या दिव्यानीला बापाचा आवाज आज फार जवळून ऐकू येत होता. बापाला, वारलूला, जाऊन बरीच वर्षं झाली होती. माईकवर गुणवंतराव गुरुजी तिची कामगिरी वाचत होते.

“सहा वर्षं राष्ट्रीय संघात! दोनदा कर्णधार! परदेशातल्या बास्केटबॉल लीगनं करार करून नेलेली आपल्या भागातली पहिली पोरगी! तिथले जाणकार काय म्हणतात, ऐका. चेंडूकडे एकदाही न पाहता ही मैदानभर चेंडू खेळवते. हात चेंडूवर, नजर चारी दिशांना! देवाची देणगी आहे, मंडळी!”

टाळ्या पडल्या, पण तुरळक. माणसांचं लक्ष गुरुजींकडे कमी आणि शाळेमागच्या झाडीकडे जास्त होतं. ऊन उतरायला लागलं होतं. मागच्या पंधरवड्यात कलाबाई झाडीपलीकडच्या टोल्याच्या, म्हणजे छोट्या वस्तीच्या, वाटेवर सरपणाला गेली, ती परत आली नाही. तेव्हापासून गावात वाघाचं नाव कोणी घेत नव्हतं. ‘तो’ म्हणायचे, तेही हळू.

“गुरुजी, उरलेलं उद्या वाचा न!” लच्छू ट्रॅक्टरवरून ओरडला. टोल्याची माणसं त्यानंच आणली होती. “तो काई टाळ्या वाजवाले थांबून नाई राह्यला. लोकाईले उजेडात पोचवू द्या मले.”

हसू उठलं आणि लगेच विरलं.

“दोनच मिनिटं,” गुरुजी म्हणाले. “पोरींनो, ताईला काही विचारायचं आहे कोणाला?”

टोल्याची सुकरी उभी राहिली. सातवीतली, हडकुळी.

“ताई, आमी चौघीजणी आता शाळेत येत नाई. घरचे धाडतच नाई. आज ट्रॅक्टर होता म्हून आलो. माही आजी म्हनते, तुमी लहानपनी टोल्यावरून याच वाटेनं येत होत्या. एकट्या. तुमाले भेव नाई लागे?”

गुरुजींनी माईक दिव्यानीपुढे धरला. “सांग, बाई, सांग! वाघिणीला कसलं भेव!”

बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. पुढच्या रांगेतल्या बायांनी पोरं जवळ ओढली. कोणीतरी झाडीकडे बघून हात जोडले.

दिव्यानीनं माईक हातात घेतला. आजवर जिथं जिथं मुलाखत झाली, तिथं तिथं ती एकच सांगत आली होती, लहानपणापासून खेळाची आवड.

“लागे,” ती म्हणाली. “लय लागे. म्हून तं चेंडू. आवाज आईकला का जनावर दूर राह्यते, म्हने बाबा. चंद्रपूरच्या बाजारातून आणून देल्ला होता त्यानं. शाळेपर्यंत आपटत येवो मी. चेंडूकडे पाहाले नजर कुठी होती मले? नजर सारी झुडपाईत.” ती थांबली. “देणगी नाई ते, गुरुजी. भेव आहे. आताबी मैदानात उतरली का मांगं कोनीतरी दबून बसलं आहे, असंच वाटते.”

टाळ्या झाल्या नाहीत. गुरुजींनी हातातल्या कागदाची घडी घातली.

“मंग आमी काय करू?” सुकरी अजून उभीच होती.

“सोमवारी तयार राहा चौघी. मी येईन न्यायले. माही सुट्टी आहे तोवर रोज येईन.”

 समोर बसलेल्या दिव्यानीच्या आईनं, रुखमाबाईनं, डोळे मिटून घेतले.

सोमवारी सकाळी रुखमाबाईनं तुळशीपाशी दिवा लावला आणि तिथंच उभी राहिली. लेकीनं तिच्यासाठी गावात पक्कं घर बांधलं, तेव्हा दोघींनी टोला सोडला होता. टोला तिकडे, झाडीपलीकडे. दिव्यानी पायरीवर बसून बूट घालत होती. चेंडू शेजारी होता. नाडीची गाठ तिनं दोनदा सोडून पुन्हा बांधली.

“येताना त्या चौघी राहतीन तुह्यासंगं,” रुखमाबाई म्हणाली. “जाताना कोन?”

शनिवारच्या कार्यक्रमापासून दिव्यानीला दुसरं काही सुचत नव्हतं.  तिनं गाठ घट्ट आवळली. उठून ती आईच्या पाया पडली. रुखमाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिला तो उचलवेना. दिव्यानीनंच तो हळूच बाजूला केला, चेंडू काखेत घेतला आणि आवाज न करता फाटकाची कडी काढली.

झाडीच्या पलीकडून टोल्यावरच्या चुलींचा धूर वर चढत होता. शाळेत जाणाऱ्या पोरींसाठी तिथं कोणी लवकर भात टाकला असेल. दिव्यानी चेंडू आपटत वाटेला लागली.