धाकटीचं मशीन

दुधाच्या कारखान्यातलं नवं पॅकिंग मशीन धाकट्या बहिणीने बनवलं होतं. कुठे पाणी साचू नये, जंतूंना लपायला फट राहू नये, अशी त्याची रचना. जो तो तिचं कौतुक करत होता आणि तिथेच स्वच्छता तपासणाऱ्या थोरलीच्या पोटात दुखत होतं. चाचणी सुरू झाल्यापासून ती रोज टॉर्च घेऊन मशीनखाली शिरायची, सांधे चाचपायची, कोपऱ्याकोपऱ्यातले नमुने लॅबला पाठवायची. सगळे स्वच्छ यायचे आणि तिचा जळफळाट वाढायचा.

शेवटी मशीनच्या एका पोकळ पायाला बारीक छिद्र सापडलं. आत पाणी मुरत होतं, त्यात जंतूही निघाले. भर मीटिंगमध्ये हे सांगताना थोरलीला आनंद लपवता येईना.

"हे जंतू उद्या पसरून दुधातून लेकरांच्या पोटात गेले असते!"

धाकटीने उलट हुश्श केलं. कारखान्याचे साहेब थोरलीला म्हणाले, "मॅडम, या मशीनच्या तपासणीला आम्ही बाहेरचा माणूस आणणार होतो. ताईलाच नेमा, असा हिनेच हट्ट धरला."

"का गं?" थोरलीने विचारलं.

"लहानपणापासून माझी एक तरी चूक तू सोडली आहेस का, ताई?"