सात नंबरचं पुस्तक

"अठरा पुस्तकं वाचाय लावली, अन् वरून निस्ते पोहे," व्यंकटराव मोहनसिंगांच्या कानाशी पुटपुटले. "शेंगदाणा तर नावाला न्हाई."

करुणाने ते ऐकलं आणि हसून पहिला चहा त्यांच्याच पुढे ठेवला. आज तिला किरकोळ कशाचा राग येणार नव्हता. सात वर्षं जपलेला एकच राग होता, तो तिने आजच्यासाठी राखून ठेवला होता.

हिंगोलीच्या वाचनालयातली खोली तीच. बालसाहित्य पुरस्काराचे परीक्षकही तेच तिघे. निवृत्त हेडमास्तर व्यंकटराव, कॉलेजातले प्रोफेसर मोहनसिंग आणि जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवलेल्या शकुंतलाबाई. सात वर्षांपूर्वी याच तिघांच्या सह्यांचा कागद करुणाच्या कुरुंद्याच्या घरी आला होता. पुरस्काराला पाठवलेलं तिचं एकुलतं एक पुस्तक, 'ढोलातलं घरटं'. हळद पॉलिश करायच्या ढोलात चिमणीने घरटं केलं आणि एका पोरीने पिल्लं उडेपर्यंत आजोबांना ढोल फिरवू दिला नाही, एवढीच गोष्ट. कागदावर एकच ओळ होती. 'भाषा सदोष, बालमनाला न भावणारे.'

त्यानंतर करुणाने नवं काही लिहिलं नाही. तेच पुस्तक उघडायची आणि दोष शोधायची. लाल पेन्सिलीने वाक्य खोडायची, चार दिवसांनी वाटायचं होतं तेच बरं होतं, मग बाजूला पुन्हा तेच लिहायची. तिची प्रत कुंकवाच्या करंड्यात पडल्यासारखी झाली होती.

यंदा ती वाचनालयाची चिटणीस झाली. आलेल्या पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घालायची, लेखकाच्या नावाचं पान चिकटवून टाकायचं, वर नंबर टाकायचा आणि परीक्षकांच्या घरी गठ्ठे पोचवायचे, हे काम तिच्याकडे आलं. नाव कळू नये म्हणून ही सगळी खटपट. गठ्ठे पोचले त्याच आठवड्यात तिघांचे फोन आले. "विश्वंभर साहेबांचं कोणतं?" साहेब शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले, पण अजून त्यांच्या शब्दाला वजन. शकुंतलाबाईंनी तेवढं ओशाळून विचारलं.

"सात नंबर," करुणाने तिघांनाही सांगितलं.

साहेबांचं पुस्तक अकरा नंबरला होतं. सातच्या कव्हरात तिने 'ढोलातलं घरटं' घातलं होतं. खपलंच नव्हतं, त्यामुळे प्रतींना काही तोटा नव्हता.

पुढे महिनाभर फोन वाजला की ती दचकायची. पहिल्याच पानाला कुणीतरी ओळखणार! पण कुणी ओळखलं नाही. विसरले असतील, तिने मनाची समजूत घातली. आपल्यासारखं त्यांना थोडंच पाठ असणार?

"सातवर काय चर्चा करायची?" व्यंकटरावांनी बशी खाली ठेवली. "भाषा बघा ना. आपल्या मातीतली. लेकरं हातातून सोडायची न्हाईत."

"अन् नायक!" मोहनसिंग म्हणाले. "काय जिद्दीचा पोरगा उभा केला, वा!"

पोरगा. करुणाने जसंच्या तसं अहवालात उतरवलं. शकुंतलाबाई चष्मा पुसत राहिल्या. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

तिघांच्या सह्या झाल्या. मग तिने सातवरचं कव्हर सावकाश काढलं. पिवळा ढोल, त्यातून डोकावणारी चिमणी, आणि खाली तिचं स्वतःचं नाव.



"हे... उलटंपालटं झालं वाटतं," मोहनसिंग म्हणाले.

व्यंकटरावांनी मात्र उभा जन्म शाळा हाकली होती. "मग काय बिघडलं? आमी नाव थोडंच पाहिलं? गुण पाहिले. पहिला नंबर तुमचा, करुणाताई. अभिनंदन!"

क्षणभर तिचा जीव हलला. याच शब्दांसाठी तर सगळं होतं. मग तिने पर्समधून घडीवर फाटत आलेला जुना कागद काढला आणि नव्या अहवालाशेजारी ठेवला. सह्या त्याच. तिन्ही.

"पुस्तकात एक काना बदलला न्हाई, सर. तवा सदोष, आज पहिला नंबर. दोन्ही कागद उद्या पेपरवाल्याला देऊन येते."

हे वाक्य तिने आरशासमोर कितीदा म्हणून पाहिलं होतं. पुढचं मात्र ठरवलेलं नव्हतं.

"फकस्त येवढं सांगा," ती म्हणाली. "काहून सदोष म्हणले? कोणतं वाक्य चुकलं होतं? एकच दाखवा. सात वर्षं झाले, शोधून राहिले मी."

तिने लाल रेघांची प्रत टेबलावर सरकवली. व्यंकटराव खाकरले. मोहनसिंगांनी उरलेल्या पोह्यांत चमचा फिरवला.

शकुंतलाबाईंनी ती प्रत ओढून घेतली. एक पान उलटलं. दुसरं. पहिलीतल्या पोराची पाटी तपासावी तसं त्यांचं बोट एकेका खोडलेल्या ओळीवरून फिरत गेलं. मग त्यांनी चष्माच काढून ठेवला.

"कशापायी खोडलंस गं लेकरा," त्या म्हणाल्या. "आमी आत्ताबी वाचलं न्हाई, अन् तवाबी वाचलं नव्हतं."