सहा आठवड्यांचं जपानी

"नातीला भेटायला चाललायस की डेपो मॅनेजरला?" ताल्सूने मानहोचा टाय ओढून सैल केला. "घाम बघ किती आलाय."

"हा वाक्यं विसरणार," चोंगिल म्हणाला. "तळहातावर लिहून घे म्हटलं, तर ऐकत नाही."

"तू गप्प बस रे. आणि दोघंही लांब बसा. पोरगी घाबरेल तुमची थोबाडं बघून."

तिघंही कोरियात, पुसानमध्ये एकाच डेपोत बस चालवून निवृत्त झालेले. मानहोची नात इथे जपानात, फुकुओकात, आणि तिला जपानीखेरीज काही येत नव्हतं. म्हणून मानहोने सहा आठवड्यांच्या वर्गात नाव घातलं. हा एकटा तिसऱ्या दिवशी पळून येईल असं म्हणत उरलेले दोघंही बोटीत चढले. एका खोलीत तीन गाद्या, आणि सकाळी डोळे उघडल्यापासून कोरियन बंद. चोंगिल घोरायला लागला की 'जपानीत घोर' म्हणून ताल्सू त्याला हलवायचा. आजचा रविवार शेवटचा होता.

ठरल्या वेळेला जावई तळ्याकाठी आला. योइची. कमरेतून वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. त्याच्या मागे आठ वर्षांची कोहारू उभी होती, हनुवटीखाली रबर असलेली उन्हाची टोपी घालून. हिची आई ऊनजू गेली तेव्हा ही अडीच वर्षांची. लेकीच्या अंत्यविधीला मानहोने हिला पाहिलं ते शेवटचं, कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेली.

मानहोने टाय पुन्हा आवळला.

"आपणास भेटून मला अत्यंत आनंद झाला आहे. मी आपला आजोबा आहे. मी पुसानहून आलेलो आहे."

कोहारूने बापाची बाही ओढली. "बाबा, हे स्टेशनातल्या घोषणेसारखं का बोलतात?"

योइची कानापर्यंत लाल झाला. पण मानहो एकदम मागे वळला आणि लांबच्या बाकाकडे बघत चक्क कोरियनमध्ये ओरडला, "कळलं! अरे, शब्दन् शब्द कळला मला!"

"जपानीत ओरड, गाढवा!" ताल्सू तिकडून ओरडला.

ते बघून कोहारू पहिल्यांदा हसली. मग तिने तळ्यातल्या हंसाच्या होड्यांकडे बोट दाखवलं.

होडी पायांनी चालवायची होती. मानहोने सुकाणू हातात घेतलं, पाठ सरळ केली आणि म्हणाला, "लक्ष द्यावे. दारे बंद होत आहेत. प्रवाशांनी दांडा घट्ट धरावा." कोहारू इतकी हसली की टोपी मागे सरकून पाठीवर लोंबायला लागली. "डावीकडे, ड्रायव्हर आजोबा! आता सरळ! अहो, बदक, बदक!" मानहो डावीकडे वळला, सरळ गेला, बदकासाठी थांबला. चौतीस वर्षांत असा प्रवासी त्याला मिळाला नव्हता.

तळ्याच्या मध्यावर आल्यावर त्याने घसा साफ केला. एक वाक्य त्याने वर्ग सुटल्यावर कुराता बाईंना थांबवून तीन दिवस घोटलं होतं.

"आपली आई लहान असताना समुद्रात फार छान पोहत असे."

"आई?" कोहारूने त्याच्याकडे पाहिलं. "छे! आईला पाण्याची केवढी भीती वाटते. म्हणून तर ती इकडे आली नाही. बाळाला घेऊन गाडीत बसलीये."

मानहोचे पाय थांबले. होडी आपली आपण थोडी पुढे गेली.

"अच्छा, ती आई होय!" कोहारू म्हणाली. "फोटोतली." टोपीचं रबर दातांत धरून ती जरा वेळ पाण्याकडे बघत राहिली. "ती मला नाही आठवत. एवढीशीपण नाही. मी डोळे मिटून खूप वेळ प्रयत्न केला, खरंच. पण बाबा म्हणाले, आजोबांना असं सांगायचं नाही हं, ते तुझ्यासाठी एवढी भाषा शिकून आलेत, त्यांना वाईट वाटेल, आठवते असंच म्हण..."

ती मध्येच थांबली. रबर दातांतून सुटून हनुवटीवर आपटलं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "आत्ता मी बोलले ते तुम्हाला समजलं?"

दीड महिन्यापूर्वी यातलं अक्षर कळलं नसतं. आता सगळं कळलं होतं. कुराता बाईंनी न शिकवलेलं 'एवढीशीपण'सुद्धा. काठावर योइची हात मागे बांधून उभा होता. बाकावरून ताल्सू आणि चोंगिल दोन्ही हात वर करून हलवत होते.

"क्षमा असावी," मानहो म्हणाला. "आपण फार भरभर बोलता. मला काहीही समजलेले नाही."

कोहारूने मोठा श्वास सोडला. मग मांडी घालून ती पूर्ण त्याच्याकडे वळून बसली आणि लहान बाळाला शिकवावं तसं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"मला. माझी. आई. आठवते."

मानहोने मान हलवली. ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. त्याने होडी वळवली नाही.

"कृपया," तो म्हणाला, "पुन्हा एकदा सांगावे."

ती पुन्हा म्हणाली. आणखी सावकाश.