वाढदिवसाचा ॲक्सल

मुल्ला मिस्त्रींनी दोन मागचे ॲक्सल गॅरेजच्या फरशीवर शेजारीशेजारी मांडले. "वहिनी, हा जीपचाच, लगेच बसतो. आणि हा पिकअपचा. बसवायला खटपट आहे, पण तुटायचं नाव घेणार नाही."

"जीपचाच बरा," आमचे हे घाईघाईनं म्हणाले.

बरा कसला? दरवर्षी डोंगरातल्या जीपच्या शर्यतीत हे फेटा बांधून मिरवतात आणि शेवटचा उभा चढ दिसला की गाडी बाजूला घेतात. "मागचा ॲक्सल नाजूक आहे हो, नाहीतर हा चढ म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" पुढे वर्षभर जेवायला बसलं की तेच पुराण. ऐकून ऐकून माझे कान किटले. म्हणून यंदा ह्यांच्या वाढदिवसाला मी ॲक्सलच द्यायचं ठरवलं.

"मिस्त्री, पिकअपचा बसवा," मी म्हणाले.

"अगं, उगाच कशाला एवढं?"

"उगाच कसं? चढाच्या माथ्यावर माझ्या माहेरची सगळी माणसं हार घेऊन उभी राहणार आहेत. मी सांगून ठेवलंय."

ह्यांनी रुमाल काढून मानेवरचा घाम पुसला. मी चहा सांगायला दाराकडे वळले, तशी मागून कुजबुज ऐकू आली, "मिस्त्री, ह्या गाडीत तुटण्यासारखं आणखी काय आहे हो?"

"गिअरबॉक्स होता, साहेब," मिस्त्री म्हणाले. "वहिनींनी तो कालच बदलून घेतला."