परक्या घरची रीत

“सिस्टर, बाहेर जा आणि पुन्हा आत या,” परीक्षक म्हणाला. “या वेळी दार वाजवून.”

ती मुकाट्याने बाहेर गेली. उभी हयात आजाऱ्यांच्या उशाशी काढली आणि पन्नाशी उलटल्यावर दार वाजवायला शिकायची पाळी आली, याचं तिला मनातल्या मनात हसू आलं. पण हसण्यावारी न्यायची ही वेळ नव्हती. परदेशातल्या एका इस्पितळातली दोन वर्षांची नोकरी अगदी हाताशी आली होती. भाषेच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी गुण पडले होते. एवढी चांगली भाषा शिकलात कुठे, असं विचारल्यावर ती म्हणाली होती, “लहानपणी कानावर पडली.” आता एवढंच उरलं होतं. तिकडच्या माणसांची रीतभात सांभाळून तिला वागता येईल का, ते तपासायचं.

बरोबरीच्या नर्सेस म्हणायच्या, “या वयात कशाला ही उठाठेव? नवरा एकटा राहील ना!” ती नुसतीच हसायची.

परीक्षक तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा होता, तिकडे तीन वर्षं काम करून नुकताच परतलेला. उमेदवाराचं नाव-गाव त्याला कळू देत नसत, पक्षपात नको म्हणून. खोलीत एक लोखंडी खाट होती, खाटेवर उशा रचून, चादर पांघरून केलेला रुग्ण होता आणि शेजारच्या खुर्चीत रुग्णाच्या थोरल्या बहिणीचं सोंग घेतलेली एक बाई.

तिने दार वाजवलं. आत आली आणि खाटेच्या कडेला टेकली.

“खाटेवर बसू नका.”

ती चटकन उठली. आजाऱ्याशी उभ्याने बोलू नये, असं आत्याने शिकवलं होतं. उभ्या माणसाला जायची घाई असते, आत्या म्हणायची. आत्याचं शिवणयंत्र खिडकीशी असायचं आणि त्याखाली चिंध्यांचा ढीग. त्या ढिगात खेळता खेळता ती झोपून जायची. जिन्याचं दार लावलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं. शेजारीपाजारी बोलत बोलतच वर यायचे. वाक्य जिन्यात सुरू व्हायचं आणि आईच्या स्वयंपाकघरात येऊन संपायचं.

“हे घ्या,” सोंगातल्या बहिणीने पिशवीतून डबा काढला. “घरून आणलंय. दोन घास खा.”

“अहो ताई, एवढं कशाला करत बसलात?” तिने डबा घेऊन झाकण उघडलंसुद्धा. “तुम्ही जेवलात का आधी? चला, दोघी मिळून खाऊ.”

ती बाई सोंग विसरून खुदकन हसली. परीक्षकाने मात्र पेन खाली ठेवलं.

“एकदाही नको न म्हणता पहिल्याच बोलण्यात डबा घेतलात. आणि आभारही मानले नाहीत.”

“आपल्या माणसाचे आभार कसले मानायचे?” तिच्या तोंडून निसटलं.

शाळेत नवीनच शिकून आल्यावर एकदा तिने मोठ्या ऐटीत आत्याला ‘आभारी आहे’ म्हटलं होतं. आत्याने यंत्र थांबवून तिच्याकडे पाहिलं होतं. “का गं, पाहुणी झालीस?” घरभर हशा पिकला. पुढे कितीतरी दिवस वडील तिला मुद्दाम हाक मारायचे, “पाहुणे, जरा पाणी आणता का?”

“घोळ होतो तो इथेच,” परीक्षक म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. “घरच्या सवयी गाठोड्यात बांधून तुम्ही तिकडे निघाला आहात. आपल्या घरचं माप घेऊन दुसऱ्याच्या घरी जाऊ नये, सिस्टर. तिकडे माणसं अंतर राखून असतात. दारं लावलेली असतात. म्हातारी माणसंही एकेकटी राहतात. कुणी फार जवळीक केली की बिचकतात.”

“म्हातारी माणसंसुद्धा?”

“ती तर जास्तच. पूर्वी असं नसेलही, पण आता मी डोळ्यांनी पाहून आलोय.”

ती खाटेवरची चादर उगाचच सारखी करू लागली.

“तुम्हाला राग आला का?”

“नाही हो. तुम्ही पाहून आलात, मी कुठे पाहिलंय अलीकडे काही?”

“एवढंच ध्यानात ठेवा, त्यांच्या लेखी तुम्ही परक्या. तिथे पाऊल टाकाल ते परकी बाई म्हणूनच. वाईट वाटून घेऊ नका, पण आज मला तुम्हाला पास करता येत नाही. दोन महिन्यांचा वर्ग आहे, तो करा आणि पुन्हा या.”

तिने समोरचा पेला उचलला. दोन घोट घेऊन तो खाली ठेवला.

“करीन,” ती म्हणाली. “आभारी आहे.”

“आता कसं!” परीक्षक खूश होऊन म्हणाला.

घरी नवरा भाजी निवडत बसला होता. तिचा चेहरा पाहून त्याने ताट बाजूला सारलं.

“काय गं? काय झालं?”

“नापास.”

“तू? आणि नापास?” तो मोठ्याने हसायला लागला. मग तिचे डोळे दिसले तसा गप्प झाला. उठून त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

“वर्ग करायचा म्हणतात. दोन महिने.”

“मग करू की. त्यात काय एवढं?” तो तिच्याशेजारी टेकला. “तुझ्या आईंचा फोन येऊन गेला. परीक्षा कशी झाली, विचारत होत्या. आज आवाज फार खोल गेला होता गं त्यांचा. काय सांगू त्यांना?”

तिने पदराने डोळे पुसले.

“सांगा, तुमच्या लेकीला माहेरी यायचंय, पण तिथल्या माणसांशी कसं वागायचं, ते तिला आधी शिकून यायला सांगितलंय.”