घसा एकदम साफ

"आ कर," डॉक्टर म्हणाले.

पेंटरने आ केला. डॉक्टरांनी चमच्याच्या दांड्याने त्याची जीभ दाबली, बॅटरी मारली, आणि बरा झालेला घसा दिसला की त्यांच्या तोंडून जे आपोआप बाहेर पडायचं ते आजही पडलं. "वा! एकदम साफ! काय म्हणत होतो मी?"

म्हणून झालं आणि मग त्यांना कळलं, आपण काय बोलून बसलो ते.

कारण पेंटरला उद्या सकाळी फाशी होती. आजारी माणसाला फाशी देत नाहीत, असा तुरुंगाचा नियम. डॉक्टरांनी 'ठणठणीत' लिहून दिल्याशिवाय काही हलत नाही. त्यात फाशीची शिक्षाच कायद्यातून रद्द करायची की नाही, यावर सभागृहात रोज आरडाओरडा चालला होता आणि परवा मतदान होतं. फाशी आठवडाभर पुढे गेली तर कदाचित कायमचीच गेली असती. अशा वेळी पेंटरचं नशीब फळफळलं आणि त्याचा घसा सुजला. चांगला ताप भरला.

तो घसा डॉक्टरांनी बरा केला. अगदी इमानेइतबारे. गोळ्या दिल्या, मिठाच्या गुळण्या सांगितल्या, वर मायेने दम भरला, "कोर्स पुरा करायचा. बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचा नाही." कोर्स किती दिवसांचा आणि पेशंट किती दिवसांचा, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"साफ ना? मग लिहून टाका," दारातून जेलरसाहेब म्हणाले.

"थांबा हो. ताप नको बघायला?"

डॉक्टरांनी थर्मामीटर लावला आणि जन्मात पहिल्यांदा पारा चढावा म्हणून मनातल्या मनात हात जोडले. पारा होता तिथेच बसून राहिला.

"अंग दुखतंय?" जेलरसाहेबांकडे पाठ करून डॉक्टरांनी भुवया उडवल्या. "चक्कर? मळमळ? नीट आठवून सांग. घाई नाही."

"छे हो, डॉक्टरसाहेब. इथे आल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तुमच्या हाताला गुण आहे."

"गोळ्या... सगळ्या घेतल्यास?"

"एक चुकवली नाही. तुम्हीच म्हणालात ना, मधेच सोडायच्या नाहीत?"

नियम काय आहे ते पेंटरला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने आपल्या भागीदाराच्या डोक्यात हातोडा घातला होता. ते तो कुणी न विचारता सांगायचा, आणि सांगून झालं की खाली बघत बसायचा. आता मात्र तो डॉक्टरांकडे बघत होता. शाळेत शाबासकी मिळालेल्या पोरासारखा.

शिपायाने त्याला शेजारच्या कोठडीत नेलं. डॉक्टर टेबलाशी बसले. त्यांची लेक या घटकेला सभागृहाबाहेर 'फाशी रद्द करा' असा फलक धरून उभी होती. "मी तुमच्याच बाजूचा, बरं का," असं सकाळी तिला सांगूनच ते घरातून निघाले होते.

"मी काय म्हणतो," डॉक्टर म्हणाले, "घशाचं दुखणं कधी कधी उलटतं. आठवडाभर बघावं..."

"डॉक्टर, आत्ता तुम्ही 'वा' म्हणालात. शिपायानेसुद्धा ऐकलं."

"म्हणालो खरा."

"मग काय, खोटं लिहिणार?"

खोटं! डॉक्टर एकदम ताठ झाले. आता या तुरुंगात त्यांना 'सुट्टीवाले डॉक्टर' म्हणायचे ते काही उगाच नाही. शिपायाच्या मेव्हणीचं लग्न निघालं की शिपायाला कावीळ व्हायची. हवालदाराला सासुरवाडीला जायचं असलं की त्याची कंबर धरायची. एका कारकुनाला तर डॉक्टरांनी एकाच वर्षात दोनदा गालगुंड दिलं होतं. आजवर या टेबलावर कुणीही, काहीही मागावं आणि डॉक्टरांनी नाही म्हणावं, असं झालं नव्हतं.

तेच डॉक्टर आज म्हणाले, "भलतंच काय! खोटं कसं लिहीन? सही असते माझी त्याखाली."

आणि त्यांनी लिहिलं. प्रकृती ठणठणीत. मग कुणी विचारलं नसताना खाली आणखी लिहिलं, घसा साफ. सही करताना त्यांचे कान इतके तापले की थर्मामीटर तिथेच लावायला हवा होता.

जेलरसाहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली, पण ते गेले नाहीत. टोपी काढली, परत घातली.

"डॉक्टर, माझंही जरा काम होतं."

"बोला."

"उद्याचं उरकलं की मला चार दिवस रजा हवीय. असलं काही झालं ना, की मला झोप लागत नाही हो. घास उतरत नाही. बायको म्हणते, कुठेतरी लांब जाऊ. पण वरचे साहेब असल्या कारणाला रजा देतात होय? तुम्ही आपलं काहीतरी लिहा."

डॉक्टरांनी दुसरा कागद ओढला. विचार करावा लागलाच नाही, हात सवयीने चालत गेला. घसा सुजलेला. ताप. सक्त विश्रांतीची गरज.

जेलरसाहेबांनी खांद्यावरून वाकून वाचलं. "वा! घसा बरा सुचला तुम्हाला."

डॉक्टरांनी खाली सही केली. भिंतीपलीकडून खळखळ आवाज येत होता. पेंटर दुपारच्या गुळण्या करत होता.