मोहरीचं तेल

बाबा गेल्यावर वृंदानं आईला कलकत्त्याला गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये आणलं आणि आईनं जेवणच सोडलं. "कशालाच चव नाही," ती म्हणे. वृंदाचा संशय स्वयंपाकीण मालतीवर: आईला न चालणारं मोहरीचं तेलच वापरत असणार. तिनं कढया हुंगल्या, त्या तेलाचा डबा कुलपात ठेवला. तरी ताट भरलेलंच परत येई. भाऊ ट्रंककॉलवर म्हणाला, "वय झालंय." डॉक्टरबाबूंनी मात्र विचारलं, "मासीमा, सकाळी उठावंसं वाटतं?" आई भिंतीकडे वळली. "वय नव्हे, हा मनाचा आजार," डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी जाईल." वृंदाला खरं वाटेना. आई पुटपुटली, "मला वेडी ठरवतेस?" तरी गोळ्या घेत राहिली. महिन्याभरानं शेंगदाणा तेल मिळेना, म्हणून वृंदानं गुपचूप मोहरीच्या तेलात वांगी परतली. पहिल्याच घासाला आईनं डोळे वटारले. "कार्टे, मोहरीचं तेल! फसवतेस मला?" आईची चव परत आली होती. वृंदानं तेलाच्या कुलपाची किल्ली मालतीच्या हातात ठेवली.